हात खाली येईपर्यंत

समोरच्या दारातून आमची वाटी कधी रिकामी परत आली नाही.

आमच्याकडे तसा रिवाज आहे. शेजाऱ्याने काही पाठवलं तर त्याचं भांडं मोकळं परत करायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची. समोरच्या काकांना हे माहीत नव्हतं. पहिली वाटी त्यांनी धुऊन, पुसून, मोकळीच आणून दिली. आईने ती घेतलीच नाही.

"भाऊ, मोकली वाटी न्हाय देत कोनाला. बरा न्हाय दिसत," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली, वाटी घेऊन परत गेले आणि दोन लिंबं घालून आले.

लिंबांपर्यंत ठीक होतं. पुढे त्यांच्या घरात घालण्यासारखं काही सापडत नसावं, कारण वाटीतून काहीही यायला लागलं. एकदा शर्टाची बटणं. एकदा गिटार वाजवायची तिकोनी चकती. एकदा परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलचा साबण, कागदात गुंडाळलेला, इतका जुना की त्याला वासच उरला नव्हता. एकदा चक्क जळालेला फ्यूज. आई दारात वाटी धरून उभी राहायची.

"या फ्यूजचा मी काय करू? फोडनी देऊ?"

पण तिने टाकलं काहीच नाही. ते सगळं आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात आहे.

मी त्यांच्याविषयी लिहायला बसलेय खरी, पण ते मला जमेल की नाही, माहीत नाही. ज्यांनी लिहायला हवं ती माणसं वेगळी आहेत. ज्यांनी त्यांना स्टेजवर पाहिलं, ज्यांच्या खोलीच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, अशी. माझ्या जन्माच्या आधीच त्यांचं गाणं संपलेलं होतं. मला फक्त समोरचं दार माहीत आहे.

आम्ही मूळचे काशीगावचे. आजोबा मिठागरावर होते, बाबा शाळेची बस चालवतात, आणि आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिली. जुन्या घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा आम्ही जवळच्याच इंद्रलोक वस्तीत फ्लॅट घेतला. बिल्डिंगमध्ये आई सुरुवातीला फारशी बोलायची नाही. आपलं बोलणं ऐकून लोक हसतील अशी तिला धास्ती होती, आणि लिफ्टमध्ये एक-दोनदा हसलेही होते. समोरचे काका हसले नाहीत. म्हणजे, हसले असतील तरी कळलं नसतं, कारण ते हसले तरी आवाज होत नसे.

घशाच्या कर्करोगात त्यांची स्वरपेटी काढून टाकावी लागली होती. मानेच्या खालच्या टोकाला एक छिद्र होतं, त्यातून ते श्वास घ्यायचे. त्यावर छोटा सुती रुमाल बांधलेला असे. जवळ उभं राहिलं की तो श्वास ऐकू यायचा. शीळ घालायला जावं आणि शीळ लागू नये, तसा बारीक. चहा गरम असला तरी त्यांना फुंकर मारता येत नसे. ते बशीत ओतायचे आणि गार होईपर्यंत बशीकडे बघत बसायचे.

बोलायचं असेल तर टॉर्चएवढं एक यंत्र ते गळ्याला लावायचे. त्यातून एकाच पट्टीत घरघरणारे शब्द निघायचे. बिल्डिंगमधली मुलं त्यांना 'रोबोट अंकल' म्हणायची. ते यंत्र ते शक्यतो भांडायलाच वापरायचे. एरवी त्यांच्याकडे लहान मुलांची असते तसली पाटी होती, वरचा कागद उचलला की अक्षरं पुसली जाणारी. त्यामुळे ते माझ्याशी जे काही बोलले त्यातलं एक अक्षरही आज कुठे शिल्लक नाही. मला आठवतं तेवढंच.

भांडणांचं सांगायचं तर, लिफ्टशी त्यांचं वैर होतं. लिफ्टचं दार उघडं राहिलं की आत एक धून वाजते. त्यांनी सेक्रेटरीकाकांना खाली गाठलं. सेक्रेटरीकाका कापडाचे व्यापारी, मनाने चांगले, पण सोसायटीत कोणी काही मागितलं की आधी नाही म्हणायची त्यांना सवय.

"ये धुन बंद करो," यंत्र घरघरलं.

"अरे साहेब, कंपनी से आती है. सबको अच्छी लगती है."

"सुर में नहीं है."

"लिफ्ट है साहेब, उसको किधर का सुर?"

त्या दिवसापासून ते जिन्यानेच चढायचे. चौथा मजला. प्रत्येक वळणावर थांबून, कठड्याला हात लावून. भाजी आणायला जातानासुद्धा बिनबाह्यांचं काळं चामड्याचं जाकीट आणि काळा चष्मा, आणि जाकिटाच्या खिशातून कोथिंबिरीची जुडी बाहेर डोकावतेय, अशा अवतारात ते जिन्यात भेटले की नवीन माणूस दचकायचा.

ते कोण होते ते आम्हाला बरेच दिवस माहीत नव्हतं. मला कळलं ते भाजीच्या गाडीवर. मी कांदे निवडत होते, ते शेजारी टोमॅटो दाबून बघत होते. तेवढ्यात एक मोठी गाडी करकचून थांबली. पिकल्या केसांचा एक गृहस्थ उतरला आणि भर रस्त्यात त्यांच्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे भरलेले. काकांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि टोमॅटोची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तो गाडीकडे वळल्यावर भाजीवाल्याने मला विचारलं, "कौन हैं ये?"

"मालूम नहीं," मी म्हणाले.

गाडीत बसता बसता त्या गृहस्थाने ते ऐकलं आणि परत आला. "मालूम नहीं?" असं म्हणून त्याने तिथेच एक चाल गुणगुणली. ती चाल मला येत होती. सगळ्यांनाच येते. लग्नाच्या वरातीत वाजते, रीलवर वाजते, रिक्षात वाजते.

"अच्छा, वो गाना!" भाजीवाला म्हणाला. "ये वो हैं? लेकिन वो तो कब का मर गया ना?"

गृहस्थ गोरामोरा झाला. काका मात्र हसले. खांदे हलले, गळ्यावरचा रुमाल फडफडला. मग त्यांनी टोमॅटोचा भाव कमी करून घेतला.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. गावात तरुणपणी त्यांनी त्या गाण्यावर नाचून नाचून नवीन बूट फाडले होते, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी बसची ड्युटी संपल्यावर बाबा कपडे बदलून, केस नीट विंचरून समोरच्या दारात गेले. काय काय बोलायचं ते त्यांनी केस विंचरतानाच ठरवलंही होतं. दार उघडलं. बाबा उभे राहिले, उभेच राहिले, आणि शेवटी म्हणाले, "जेवलात का?"

काकांनी होकारार्थी मान हलवली. बाबा परत आले. तेवढंच. पण पुढे किती तरी दिवस बाबा 'आमची ओळख आहे' असं म्हणायचे.

गाणं ऐकून त्यांना कधी आनंद झालेला मी पाहिला नाही. रिक्षात ते लागलं तर ते रिक्षा थांबवून उतरायचे. मला वाटायचं, जुना आवाज ऐकवत नसेल. ते तसं नव्हतं.

मला समजलं ते असं. दुसऱ्या वर्षाला मला वर्गात इंग्रजीतून बोलायचं होतं. माझं काय व्हायचं, की बोलता बोलता शब्द सुचत नसे, मी थांबायचे, आणि थांबले की लगेच 'सॉरी' म्हणायचे. मग पुन्हा सुरुवात, पुन्हा थांबणं, पुन्हा सॉरी. घरात कोणाला ऐकवणार? मी समोर जाऊन त्यांना ऐकवायला लागले. ते खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे. मी 'सॉरी' म्हटलं की टेबलावर बोटाने ठोकायचे. पहिल्याच दिवशी टेबल इतक्या वेळा वाजलं की मला रडू आलं. त्यांनी पाटी पुढे केली.

'थांबलीस तर थांब. माफी कशाची मागतेस?'

"लोक बघतात ना काका."

त्यांनी कागद उचलला, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'बघू दे. थांबल्यावरच बघतात.'

त्या दिवशी मी त्यांची एक जुनी चित्रफीत नेटवर शोधून पाहिली. अंधुक, हललेली, कोणीतरी गर्दीतून काढलेली. लांब केसांचा एक सडपातळ माणूस, तेच जाकीट. ते गाणं शेवटाकडे येतं, शेवटच्या ध्रुवपदाच्या आधी तो हात वर करतो आणि सगळा बँड गप्प होतो. ढोल, गिटार, सगळं. समोर हजारो माणसं आणि कोणीही ओरडत नाही. तो हात तसाच वर. लांब कुठेतरी एक कुत्रा भुंकतो. मग हात खाली येतो आणि सगळं मैदान एकदम गायला लागतं. त्या चित्रफितीखाली लोकांनी लिहिलं होतं, 'बीच में आवाज चली गई है, दूसरा व्हिडिओ डालो.'

मी त्यांना सांगितलं की मी पाहिलं. त्यांनी घाईघाईने लिहिलं, 'कुत्रा ऐकलास?'

"हो."

'तो माझा सगळ्यात आवडता भाग.'

मग बराच वेळ लिहीत राहिले, पुसत राहिले. कॅसेट निघाली तेव्हा कंपनीने ते थांबणं काढून टाकलं होतं. लोकांना वाटेल टेप बिघडली, म्हणून. तिथे ढोल भरले. जगभर जे गाणं वाजतं ते ढोल भरलेलं. थांबणं फक्त स्टेजवर होतं, आणि स्टेज त्यांच्या आवाजाबरोबर संपलं.

त्यांची मुलगी परदेशात होती. रविवारी तिचा फोन यायचा, चित्र दिसणारा. एकदा मी वाटी घ्यायला गेले तेव्हा तो चालू होता. ती तिकडून बोलत होती, हवेविषयी, नातवाच्या शाळेविषयी. ते मान हलवत होते. मग ती म्हणाली, "पपा, काहीतरी बोला ना." त्यांनी यंत्र गळ्याला लावलं आणि तिचं नाव घेतलं. तिने चेहरा बाजूला वळवला. त्यांनी यंत्र खाली ठेवलं आणि पुढे तिच्या प्रत्येक प्रश्नाला टेबलावर बोटाने ठोकून उत्तर दिलं. हो असेल तर एकदा, नाही असेल तर दोनदा. मी वाटी न घेताच परत आले.

गणपतीच्या थोडं आधीची गोष्ट. शहरातला एक नवीन बँड त्यांना भेटायला येणार होता. तरुण मुलं, नावाजलेली. त्या सकाळी ते दोनदा आमच्याकडे आले. एकदा चहाची साखर मागायला, एकदा जाकिटाच्या पाठीवरचा डाग दिसतोय का विचारायला. आईने ओल्या फडक्याने जाकीट पुसून दिलं. मुलं आली. माझ्या हातून आईने चहाबरोबर चकल्या पाठवल्या, म्हणून मी तिथे होते.

मुलं खरंच प्रेमाने आली होती. जमिनीवर बसली. त्यांच्यातला गाणारा म्हणाला, "सर, मोठा शो करतोय. तुमच्यासाठी. शेवटी तुमचं गाणं. मागे पडद्यावर तुम्ही, तुमचा ओरिजिनल आवाज, आम्ही वाजवणार, आणि तुम्ही स्टेजवर फक्त उभं राहायचं. पब्लिक वेडं होईल, सर."

काकांनी लिहिलं, 'शेवटच्या ध्रुवपदाआधी थांबणार?'

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. "थांबू ना सर. एक बीट."

काकांनी नकारार्थी मान हलवली आणि हात वर केला. तसाच धरला. मुलं हसरे चेहरे करून बघत राहिली. एकाचं लक्ष मोबाईलकडे गेलं. हात अजून वर. शेवटी गाणारा मुलगा हळूच म्हणाला, "सर, एवढा गॅप आता नाही चालत. लोक फोन काढतात. आम्ही तिथे ड्रम्सचा मस्त एक तुकडा बसवलाय, ऐका तर..."

हात खाली आला. त्यांनी पाटीवर एकच शब्द लिहिला. 'नाही.'

मुलांनी खूप विनवलं. चहा प्यायली, पाया पडली, फोटो काढले आणि गेली. मी कप उचलत होते. ते पुसलेलं जाकीट घालून तसेच बसले होते, काळा चष्मासुद्धा काढला नव्हता. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "काका, जायचं होतं ना तुम्ही. एवढे लोक आले असते."

त्यांनी लिहिलं, 'बाकी सगळं टेपवर आहेच. थांबणं तेवढं माझ्याकडे राहिलंय. तेही नको असेल तर मी उभा राहून काय करू?'

मी वाचलं हे बघितल्यावर त्यांनी कागद उचलला. चकल्यांची वाटी त्या दिवशी परत आली तेव्हा तिच्यात चकल्याच होत्या. एकही खाल्लेली नव्हती.

आमच्या बिल्डिंगचा गणपती खाली पार्किंगमध्ये बसतो. चाकांचा मोठा स्पीकर आहे, त्याची वायर वॉचमनच्या खोलीतल्या प्लगला. सेक्रेटरीकाका फोनवर आरतीचं रेकॉर्डिंग लावतात, त्यात गाणारे, झांजा, कडव्यांच्या मधे सनई, सगळं असतं. आपण फक्त टाळ्या वाजवायच्या. इथे मराठी, गुजराती, उत्तरेकडची, दक्षिणेकडची, सगळी घरं. सगळ्यांना सोयीचं पडतं. काका आरतीला कधी यायचे नाहीत. त्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी आले आणि मागे खांबाला टेकून उभे राहिले. आई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे, चपला काढतात तिथे उभी होती.

आरती सुरू झाली. टाळ्या सुरू झाल्या. काका ऐकत होते. बघत होते म्हणणं जास्त बरोबर, कारण ते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. कोणाचंच तोंड हलत नव्हतं. पहिल्या कडव्याच्या मधेच ते चालत वॉचमनच्या खोलीत गेले आणि त्यांनी प्लग ओढला.

"लाईट गई क्या?"

"लाईट कैसे गई, पंखा तो चालू है!"

ते वायर हातात धरूनच बाहेर आले. सेक्रेटरीकाकांच्या हातातली आरतीची थाळी तशीच अधांतरी राहिली. "साहेब, भगवान का काम है. इसमें भी लफडा?"

काकांनी यंत्र लावलं. "गाओ."

"किसको पूरा आता है, साहेब?"

"आधा आता है तो आधा गाओ."

कोणी कोणाकडे बघेना. लहान मुलं खुदखुदायला लागली. मग काका माझ्याकडे वळले. काशीगावात माझ्या आजोबांची भजनी मंडळी होती आणि मी लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून झांजा वाजवायचे, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी नुसता हात पुढे केला, आता तू, असा. तोंडात 'सॉरी' आलंच होतं. त्यांनी खांबावर बोटाने ठोकलं.

मी सुरुवात केली. आवाज कापत होता आणि सूर फार वर लागला होता, पुढे कसं जाणार ते कळेना. तेवढ्यात मागून, चपलांपाशी, आईने सूर धरला. माझ्यापेक्षा खाली, भक्कम, तिच्या स्वतःच्या बोलीच्या वळणाने. आम्ही घरी म्हणतो तशी. मग वरच्या मजल्यावरच्या आजी. मग सेक्रेटरीकाका, आणि त्यांना जवळजवळ पूर्ण येत होती!

कडवं संपलं आणि सगळे गप्प झाले.

एकजात सगळे. मला क्षणभर कळेना काय झालं. मग लक्षात आलं. इतकी वर्षं त्याच रेकॉर्डिंगवर टाळ्या वाजवून सगळ्यांना सवय झाली होती, की कडव्यानंतर सनई वाजणार. सगळे सनईची वाट बघत थांबले होते. सनई कुठली येणार? तिची वायर काकांच्या हातात होती.

कोणीतरी फिस्सकन हसलं. आता सगळे हसणार, एवढ्यात काकांनी हात वर केला.

त्यांचे डोळे मिटलेले होते. काळ्या जाकिटातून बाहेर आलेला तो म्हातारा हात वर, बोटं किंचित वाकलेली. हसणारा हसता हसता थांबला. मुलंही थांबली. त्या शांततेत एकच आवाज होता, त्यांच्या गळ्यातून येणाऱ्या श्वासाचा. आत, बाहेर. ती न लागलेली शीळ. बिल्डिंगमधल्या बहुतेकांनी तो आवाज त्याआधी कधी ऐकलाच नव्हता, कारण त्यांच्या शेजारी इतकं गप्प कोणी उभंच राहिलं नव्हतं.

मग हात खाली आला आणि आम्ही सगळे एकदम पुढचं कडवं म्हणायला लागलो.

आरतीनंतर प्रसाद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते चौथा मजला चढून आल्यामुळे धापा टाकत होते. पाटी आधीच लिहून ठेवलेली होती. 'शिकवलं नव्हतं कोणी. सगळे एकत्र थांबले!' आणि खाली, वेगळ्या ओळीवर, 'आज मी गाण्यात होतो.'

तेव्हापासून ते थांबणं आमच्या बिल्डिंगचं झालं. शेवटच्या कडव्याआधी थांबायचं, काकांचा हात वर, श्वास, हात खाली. स्पीकर पुन्हा कोणी आणला नाही. बाजूच्या विंगमधले चिडवायचे, "तुमची आरती हँग होते काय रे?" सेक्रेटरीकाका उलट अभिमानाने सांगायचे, "हमारे यहाँ ऐसाच है." काका पुढे दोन गणपतींना होते. वर्षभर त्यांना दार उघडायलाही जड जायचं, पण गणपतीत ते रोज खाली यायचे, जिन्याने. आई त्यांना म्हणाली, "भाऊ, लिफ्टनं उतरा. देव काय बोलनार न्हाय." त्यांनी लिहिलं, 'देव नाही बोलणार. धून बोलते.'

ते गेले तेव्हा टीव्हीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो दिवसभर होता. मोठमोठी माणसं त्यांच्या वारशाविषयी बोलत होती. आमच्या वॉचमनने फोटो बघून मला विचारलं, "दीदी, ये अपने रोबोट अंकल हैं?" त्याला खात्री वाटत नव्हती. स्मशानात मात्र फार लोक नव्हते. बिल्डिंगमधले आम्ही, काळे टी-शर्ट घातलेले पिकल्या केसांचे काही पुरुष, आणि मुलगी, जी विमानातून उतरून थेट आली होती. बाबांनी खांदा दिला. त्या पुरुषांपैकी एकाने मोबाईलवर ते गाणं लावलं. सगळे खाली मान घालून ऐकत होते. शेवटचं ध्रुवपद जवळ आलं तसा माझा श्वास थांबला. शेजारी आईचाही थांबला होता. आणि ढोल वाजले, आणि गाणं तसंच पुढे गेलं.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "थांबलाच न्हाय गो."

मुलीने आठवड्यात घर रिकामं केलं. जाण्याआधी तिने आमची बेल वाजवली. तिच्या हातात आमची वाटी होती, घासून लख्ख केलेली, मोकळी. "ही बहुतेक तुमची," ती म्हणाली. तिचा चेहरा थेट त्यांच्यासारखा होता. मी आईकडे बघितलं. आईने दोन्ही हातांनी ती मोकळी वाटी घेतली, तिला काही सांगितलं नाही, आणि तिच्या हातात डब्यात बांधलेले लाडू दिले. दार लावल्यावर आईने ती वाटी देव्हाऱ्याखालच्या खणात, फ्यूज आणि बटणांशेजारी ठेवली.

यंदाचा गणपती त्यांच्याविना पहिला. समोरच्या घरात आता नवं जोडपं राहायला आलंय. त्यांना यातलं काही माहीत नाही. आरतीला ती भाभी पुढे उभी होती, आवाज गोड, आरती पूर्ण पाठ. शेवटच्या कडव्याआधी आम्ही सगळे थांबलो आणि ती एकटीच पुढे गेली. दोन शब्द म्हणून गोंधळली.

"रुको भाभी," सेक्रेटरीकाका कुजबुजले. "इधर रुकते हैं."

"क्यों?"

त्यांनी मागे खांबाकडे बघितलं. खांबापाशी कोणी नव्हतं.

आम्ही थांबलो. थांबणं सोपं होतं, ते सगळ्यांना येत होतं. पण तो श्वास नव्हता. मी कान देऊन ऐकत होते, आणि मला वाटतं सगळेच ऐकत होते. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली. निरांजनाची वात तडतडली. आणि मग मला कळलं की आम्ही सगळे अडकलो आहोत. हात खाली आणणारं कोणी नव्हतं. सेक्रेटरीकाका थाळी धरून माझ्याकडे बघत होते. मी काय करू? शांतता लांबत गेली, त्यांच्या वेळी कधी नव्हती इतकी. नव्या भाभीने नवऱ्याचा हात धरला. बाहेर, मुख्य रस्त्याच्या बाजूला, एक कुत्रा भुंकला.

मी मागे वळून बघितलं. चपलांपाशी आई डोळे मिटून उभी होती आणि तिचा हात वर होता. तो कधी वर गेला ते कोणीच पाहिलं नव्हतं. बोटांना अजून कणीक लागलेली.

तिने हात खाली आणला, आणि आम्ही सगळे गायला लागलो.